मशीन ऐकत नाही, मग त्याच्यासोबत जॅझ वाजवायचं कसं?

यूट्यूबवर 'लो-फाय जॅझ' असं टाकलं की तासन्‌तास चालणारे व्हिडिओ समोर येतात. खाली मऊ ठेका, वर पियानोचे चार सूर, मध्येच एखादा सॅक्सोफोन. अभ्यास करताना, कॅफेत बसल्यावर, रीलच्या मागे हेच वाजत असतं. ऐकायला ते इतकं सहज वाटतं की जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक म्युझिक हे जन्मापासूनचे मित्र असावेत.

प्रत्यक्षात दोघांचा स्वभाव एकदम उलटा आहे. जॅझमधले वादक एकमेकांचं ऐकून पुढचा सूर त्या क्षणी ठरवतात. इलेक्ट्रॉनिक संगीतातलं मशीन एकदा लावून दिलं की कुणाचंच ऐकत नाही. मग गेली पन्नासहून जास्त वर्षं कलाकारांनी या दोघांची सांगड घातली कशी? आणि त्यात कुणाला काय मिळालं, कुणाचं काय गेलं?

आधी अडचण काय आहे ते बघा

हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. घरातला रियाझ डोळ्यांसमोर आणा. तबला शिकणारा एक मुलगा मोबाइलवर लेहरा लावून बसलाय. ॲप तीनतालाचा तोच लेहरा, त्याच लयीत, न थकता वाजवत राहतं. मुलाची सम चुकली तरी ते थांबत नाही. त्याने सुरेख तिहाई घेतली तरी ते दाद देत नाही.

आता तोच मुलगा मैफलीत गायकाच्या साथीला बसलाय. गायकाने तान लांबवली की याचा हात आपोआप हलका होतो. याने एखादा तुकडा रंगवला की गायक मान डोलावतो आणि पुढची जागा वेगळी घेतो. समेवर दोघं एकत्र आले की श्रोत्यांच्या तोंडून दाद निघते, कारण तिथपर्यंतची वाट दोघांनी तिथल्या तिथे मिळून शोधलेली असते.

जॅझचा जीव या दुसऱ्या प्रसंगात आहे. त्याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. आपल्याकडच्या उपजेची ती लांबची बहीण. एक धून आणि तिच्याखालची कॉर्डची चौकट बहुतेक वेळा ठरलेली असते. त्या चौकटीत कोण नेमकं काय वाजवणार हे ठरलेलं नसतं. सॅक्सोफोनवाला एक वाक्य टाकतो, ड्रमर त्याला उत्तर देतो, पियानोवाला मध्येच कॉर्ड बदलून दोघांना भलत्याच वाटेला नेतो.

आता मशीनकडे बघा. जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली आलं. त्यावर सोळा बटणांची एक ओळ असते. कुठल्या बटणावर बेस ड्रम वाजेल, कुठल्यावर टाळी, हे ठरवून द्यायचं. मशीन सोळापर्यंत जातं आणि परत एकपासून सुरू होतं. आकडा बघून तीनताल आठवेल, पण तो योगायोग आहे. इथे चार ठोक्यांचे प्रत्येकी चार भाग पाडलेले असतात. आवर्तन मात्र दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की इथे ते फिरवणाऱ्याला कान नाहीत.

कान नसलेल्या या साथीदारासोबत कसं वाजवायचं? कलाकारांनी त्याच्यावर ढोबळमानाने चार तोडगे काढले.

तोडगा १: आधी मोकळं वाजवा, मग ब्लेड चालवा

फेब्रुवारी १९६९. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचं नाव जॅझमध्ये तोवर चांगलंच मोठं झालं होतं. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत एका दिवसाच्या रेकॉर्डिंगसाठी त्यांनी एक-दोन नाही, तब्बल तीन कीबोर्डवादक बोलावले. हर्बी हॅनकॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल. इलेक्ट्रिक गिटारवर होते नुकतेच इंग्लंडहून आलेले जॉन मॅक्लॉफ्लिन. पुढे झाकीर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती' हा ग्रुप काढणारे मॅक्लॉफ्लिन ते हेच.

वादक मोकळेपणाने वाजवत राहिले आणि टेप फिरत राहिली. त्या टेपा मग प्रोड्यूसर तेओ मासेरो यांच्या टेबलावर आल्या. मासेरो स्वतः सॅक्सोफोनवादक. त्यांनी टेप कापली, तुकडे मागेपुढे केले आणि चिकटवले. त्यातून 'इन अ सायलेंट वे' ही रेकॉर्ड तयार झाली. तिच्या दुसऱ्या बाजूला सुरुवातीची सुमारे चार मिनिटांची शांत धून शेवटी जशीच्या तशी परत येते. वादकांनी ती दुसऱ्यांदा वाजवलेलीच नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर ते कॉपी-पेस्ट होतं. तेही हाताने, कॉम्प्युटर नसताना.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रेकॉर्ड झालेल्या 'बिचेस ब्रू'मध्ये ही कापाकापी आणखी पुढे गेली. १९७२ च्या 'ऑन द कॉर्नर'मध्ये तर एकाच ठेक्याभोवती फिरणारं संगीत होतं आणि तबल्यावर होते बादल रॉय. अस्सल जॅझ ऐकणाऱ्या अनेकांना हे अजिबात रुचलं नाही. पण आज लॅपटॉपवर गाणी बनवणारे प्रोड्यूसर रोज जे करतात त्याची मुळं इथे सापडतात.

या तोडग्यात वादकांचा आपसातला संवाद शाबूत राहिला. कारण वाजवताना खोलीत माणसंच होती, मशीन नंतर आलं. किंमत एकच. गाण्याचा शेवटचा आकार वाजवणाऱ्यांच्या हातात राहिला नाही. तो ब्लेड हातात असणाऱ्याकडे गेला.

तोडगा २: मशीनला लेहऱ्याचं काम द्या

दुसरा तोडगा सापडतो थेट मुंबईत. चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे वादक होते. गिटार, बेस आणि वेगवेगळे कीबोर्ड ते वाजवायचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती. ठेक्यासाठी टीआर-८०८, बेससाठी टीबी-३०३ आणि सुरांसाठी ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर.

त्यांनी ठेका आणि बेस मशीनवर लावून दिले आणि वरून सिंथेसायझरवर राग वाजवले. ललत, भूपाळी, यमन, मालकंस असे एकूण दहा. १९८२ साली रेकॉर्ड झालेली ही तबकडी पुढच्या वर्षी बाजारात आली. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' असं तिचं नाव. ती फारशी चालली नाही आणि लोक विसरून गेले.

२०१० मध्ये ती परदेशात पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा ऐकणारे चक्रावले. कारण टीबी-३०३ चा तो पिळवटल्यासारखा आवाज जगाला माहीत होता तो शिकागोच्या 'ॲसिड हाऊस' संगीतामुळे. त्या प्रकाराचं गाजलेलं पहिलं गाणं, फ्यूचर या ग्रुपचं 'ॲसिड ट्रॅक्स', १९८७ सालचं. म्हणजे मुंबईची तबकडी त्याच्या आधीची. शिकागोवाल्यांनी ती ऐकून उचलली असा याचा अर्थ नाही. एकच यंत्र दोन शहरांत दोन वेगळ्या लोकांच्या हाती पडलं आणि दोघांनी त्यातून जवळपास सारखा आवाज काढला.

आता हे जॅझ आहे का? नाही. पण अडचण तीच होती आणि चरणजीत सिंग यांच्याकडे तिचं उत्तर आपल्या परंपरेतून आलेलं होतं. साथ करणाऱ्याने तेच ते वाजवत राहायचं आणि मुख्य वादकाने त्यावर विस्तार करायचा, ही पद्धत रागसंगीत जाणणाऱ्याला नवी नाही. तानपुरा कुठे कुणाला उत्तर देतो? मशीनच्या हट्टीपणालाच त्यांनी आधार बनवलं.

आज हाऊस किंवा टेक्नोच्या ठेक्यावर सॅक्सोफोन, बासरी किंवा ट्रम्पेट वाजवणारे बहुतेक लोक याच वाटेने जातात. वाट सोपी आहे आणि धोकाही तिथेच आहे. मशीन काहीच मागत नाही, म्हणून वादकही आळसावतो. चार ठरलेले सूर फिरवत राहिलं तरी गाणं चालून जातं.

तोडगा ३: मशीनलाच वाद्य समजा

हर्बी हॅनकॉक डेव्हिस यांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचे. कॉलेजात त्यांनी संगीतासोबत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे धडे घेतले होते, त्यामुळे यंत्रांची भीती नव्हती. १९८३ साली त्यांचं 'रॉकइट' आलं. प्रोड्यूसर बिल लॅसवेल आणि मायकल बाइनहॉर्न यांच्यासोबत केलेल्या या गाण्यात ड्रम मशीन आहे, सिंथेसायझर आहे. पण लोकांच्या लक्षात राहिला तो खरखर ओरखडल्यासारखा आवाज.

तो आवाज होता ग्रँड मिक्सर डीएक्सटी या डीजेचा. फिरती तबकडी हाताने मागेपुढे ढकलून तो काढतात. त्याला स्क्रॅचिंग म्हणतात. गाणी वाजवण्यासाठी बनवलेला रेकॉर्ड प्लेअर इथे स्वतःच वाद्य झाला होता. डीजे ठेक्याच्या आत-बाहेर जात होता, ट्रम्पेटवाला सोलो घेतो तसा. १९८४ च्या ग्रॅमी सोहळ्यात हे गाणं थेट रंगमंचावर सादर झालं. टीव्हीवर ते बघून आपण टर्नटेबलकडे वळलो, असं नंतरच्या पिढीतल्या कितीतरी डीजेंनी सांगितलंय.

याच बिल लॅसवेल यांनी पुढे 'तबला बीट सायन्स' हा प्रकल्प केला. २००० साली आलेल्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये झाकीर हुसेन, त्रिलोक गुर्टू, कर्श काळे आणि तलविन सिंग होते. मुंबईत वाढलेले गुर्टू म्हणजे ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. त्यांनी २००४ मध्ये रॉबर्ट माइल्स या इलेक्ट्रॉनिक कलाकारासोबत अख्खा अल्बमही केला.

डेट्रॉइटच्या जेफ मिल्स यांनी हीच गोष्ट ड्रम मशीनबाबत केली. ते टीआर-९०९ लावून देऊन बाजूला होत नाहीत. मशीन चालू असतानाच बटणं दाबून ठेका बदलतात, ठोके काढतात, घालतात. म्हणजे मशीन मोजत राहतं आणि ऐकण्याचं काम मिल्स करतात. त्यांच्या समोर उभे राहिले नायजेरियाचे ड्रमर टोनी ॲलन. फेला कुटी यांच्या आफ्रोबीटचा ठेका ज्यांनी घडवला ते. ॲलन जॅझ ड्रमर ऐकत मोठे झाले होते. दोघांचं 'टुमारो कम्स द हार्वेस्ट' २०१८ मध्ये आलं. एप्रिल २०२० मध्ये ॲलन गेले. मिल्स यांनी तो प्रकल्प पुढे चालू ठेवला तेव्हा सोबत कीबोर्डवर जाँ-फी दारी होते आणि तबल्यावर प्रभू एदुआर.

तोडगा ४: मशीनला कान द्या

सगळ्यात धाडसी तोडगा शिकागोच्या जॉर्ज लुईस यांचा. लुईस ट्रॉम्बोन वाजवतात आणि कॉम्प्युटर प्रोग्रामही लिहितात. १९८० च्या दशकात त्यांनी 'व्हॉयेजर' नावाचा प्रोग्राम तयार केला. समोरचा वादक काय वाजवतोय ते हा प्रोग्राम टिपतो. सूर किती उंच, किती जोरात, किती घाईत. मग त्यावरून तो स्वतःचं काहीतरी वाजवतो.

यातली मेख पुढे आहे. व्हॉयेजर माणसाचं ऐकतो, पण त्याच्या हुकमाचा ताबेदार नाही. कधी तो वादकाच्या मागे जातो, कधी साफ दुर्लक्ष करून वेगळंच सुरू करतो. वादक थांबला तरी हा वाजवत राहू शकतो. लुईस यांना आज्ञाधारक साथीदार नकोच होता. चांगल्या जॅझ बँडमधला वादक जसा स्वतःचं मत असलेला असतो, तसा त्यांना हवा होता.

आज याचे सोपे अवतार घरच्या लॅपटॉपवर आलेत. बर्लिनच्या कंपनीचं 'एबलटन लाइव्ह' हे सॉफ्टवेअर २००१ साली आलं. त्यात छोटे छोटे तुकडे हवे तेव्हा सुरू-बंद करता येतात आणि सगळे आपोआप एका लयीत बसतात. पण लय मशीनचीच असायची. ड्रमरने कानात ठोका ऐकत त्याच्या मागे जायचं. २०२१ मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीत हे उलटं करायची सोय झाली. ड्रमरने लय वाढवली की सॉफ्टवेअर ते ऐकून आपली लय वाढवतं. साथीला बसलेल्या माणसाची ही अगदी पहिली पायरी, पण आहे.

मग यात कुणाचं काय गेलं?

या कहाणीची दुसरी बाजू पैशाची आणि श्रेयाची आहे.

१९६९ साली 'द विन्स्टन्स' नावाच्या सोल बँडने एक गाणं केलं, 'आमेन, ब्रदर'. त्यात ड्रमर ग्रेगरी कोलमन यांचा एकट्याचा जेमतेम सात सेकंदांचा तुकडा आहे. सॅम्पलर नावाचं यंत्र आलं आणि हे सात सेकंद कापून, वेग वाढवून, उलटसुलट करून हजारो गाण्यांत वापरले गेले. इंग्लंडमधलं जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे प्रकार त्यावर उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये वारले, त्या ड्रमचे पैसे कधी न मिळता. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड जमवले, ते बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना मिळाले. कोलमन ते बघायला नव्हते.

एका माणसाने एकदा, त्या क्षणाच्या ओघात वाजवलेली गोष्ट कायमचा कच्चा माल झाली. वाजवणाऱ्याचं नाव मागे राहिलं.

हे सगळीकडे असंच झालं असं नाही. इंग्लंडच्या 'अस थ्री' या ग्रुपने हॅनकॉक यांच्या १९६४ च्या 'कँटलूप आयलंड'चा तुकडा घेऊन 'कँटलूप' केलं, तेव्हा ब्लू नोट या जॅझ कंपनीने आपला खजिना रीतसर परवानगी देऊन त्यांच्यासाठी खुला केला. नव्वदच्या दशकात ते गाणं जगभर वाजलं आणि लेखकांच्या यादीत हॅनकॉक यांचं नाव राहिलं.

दुसरं नुकसान मुंबईने जवळून पाहिलं. जॅझ बँडमध्ये वाजवणारे अनेक गोवेकर वादक हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आले होते. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केलं, भगवानदादांच्या 'अलबेला'त ते आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. पुढे सिंथेसायझर आणि प्रोग्रामिंग रुळलं आणि पन्नास-साठ वादकांचं काम एका कीबोर्डवर होऊ लागलं. स्टुडिओतली बोलावणी कमी झाली. चरणजीत सिंग यांना ज्या यंत्रांनी एकट्याच्या बळावर अख्खा बँड उभा करून दिला, तशाच यंत्रांनी त्यांच्या बरोबरीच्या वादकांच्या खुर्च्या रिकाम्या केल्या.

आता एआय ॲपला 'जॅझ बनव' म्हटलं की मिनिटभरात सोलो तयार मिळतो. तो ऐकायला ठीकठाक असतोही. पण तयार होताना तिथे समोर दुसरं कुणी वाजवत नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायचा प्रश्नच आला नाही.

तर खरं मिश्रण ओळखायचं कसं?

त्यासाठी संगीत शिकलेलं असायची गरज नाही. गाणं ऐकताना एकच प्रश्न विचारायचा. एका वादकाने या ठिकाणी काही वेगळं केलं असतं, तर बाकीचं काही बदललं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर गाणं वाईट ठरत नाही, पण त्यातला सॅक्सोफोन भिंतीवरच्या चित्रासारखा आहे. उत्तर 'हो' असेल तर तिथे जॅझ जिवंत आहे, मग खाली कितीही मशीन असोत.

हा प्रश्न घेऊन ऐकायचं असेल तर २०२१ साली आलेलं 'प्रॉमिसेस' लावा. ४६ मिनिटांची ही एकच सलग रचना. एका बाजूला फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे सॅम शेपर्ड, ज्यांनी न्यूरोसायन्समध्ये पीएचडी केली आहे. दुसऱ्या बाजूला कधीकाळी जॉन कोल्ट्रेन यांच्यासोबत वाजवलेले सॅक्सोफोनवादक फेरो सँडर्स, तेव्हा वय वर्षं ८०. मागे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा.

रचनेत सात सुरांचा एक छोटा तुकडा जवळजवळ शेवटपर्यंत परत परत येतो. लेहऱ्यासारखा. सँडर्स घाई करत नाहीत. ते थांबतात, तुकडा पुन्हा येऊ देतात आणि मग एक सूर टाकतात. कधी सॅक्सोफोन खाली ठेवून नुसते गुणगुणतात. शेपर्डही त्यांना जागा सोडत जातात, आवाज कमी करतात, हळूहळू भरतात. आवर्तन तेच असतं, प्रत्येक फेरीत त्याचा अर्थ बदलतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये सँडर्स गेले. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड बोलमध्ये ही रचना रंगमंचावर झाली तेव्हा सॅक्सोफोन इंग्लंडच्या शबाका हचिंग्स यांच्या हातात होता. सात सुरांचा तुकडा तोच ठेवता आला. ऑर्केस्ट्राची स्वरलिपी तीच ठेवता आली. सॅक्सोफोनची जागा मात्र हचिंग्स यांना त्या रात्री स्वतःच्या सुरांनी भरावी लागली.